शेवटच्या रिळातलं सूत

"अण्णा, हातमागावरचं कापड उतरवताना सूत तसंच मागावर लोंबतं ठेवून कुणी जातं का हो?"

मी हे विचारलं तेव्हा अण्णा बशीतला चहा फुंकत होते. सोमवारची संध्याकाळ होती, मी नुकतीच शाळेत शिकवून आले होते आणि पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. अण्णांची बशी ओठापर्यंत गेली होती, ती तिथंच थांबली.

"कोण गेलं ठेवून?"

"सिनेमात हो. काल मंडळात दाखवला ना, त्यात."

मग मी चपला काढल्या, समोर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. सिनेमा कानडी होता, काळापांढरा, खाली इंग्रजी अक्षरंबिक्षरं काही नाहीत. आमच्या इचलकरंजीत निम्म्या लोकांना कानडी कळतं, त्यामुळे अडलं कुणाचंच नाही. एका विणकराची मुलगी असते. आई नाही, बाप म्हातारा, घरात एकच माग. परगावचा एक माणूस तिला मागणी घालतो. पावणेदोन तास ती त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. शेवटी लग्न लागतं, दारात बैलगाडी येऊन उभी राहते. बाप अंगणात पाठमोरा बसलेला. आणि नव्या लुगड्यातली ती पोर सगळ्यांना हाताने थांबवून आत जाते आणि मागावर बसते. विणलेलं कापड कापते, घडी घालून ठेवते. पण सूत काढत नाही. मागाला एक फणी असते, कंगव्यासारखी, तिच्या दातादातांतून एकेक धागा ओवलेला असतो. त्या फणीतून हातभर सूत ती तसंच लोंबू देते, त्याचे झुपके करते आणि झुपक्या-झुपक्याला गाठ मारते. पाच मिनिटं नुसत्या गाठी. एक शब्द नाही की गाणं नाही. मग ती उठून बाहेर जाते, गाडी निघाल्याचा आवाज येतो, आणि पडद्यावर राहतात ते लोंबणारे झुपके. संपला सिनेमा.

"पोरगी गेली?" अण्णांनी विचारलं.

"गेली की."

अण्णांनी चहा प्यायला. बशी खाली ठेवली, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. मला आता वाटतं, इतका वेळ कुणाला एका चहाला लागत नाही. पण तेव्हा माझं लक्ष कुठं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "आमच्या बापाचा खड्डामाग होता. अर्धवट सोडलेलं सूत वाईट असतंय, घराला लागतंय ते. चांगली पोर असं करायची न्हाई."

"पण यंत्रमागावर..."

"हातमागाचं येगळं असतंय," अण्णा म्हणाले आणि उठून मागच्या परड्यात गेले.

झालं. माझं समाधान झालं. आमचे अण्णा, म्हणजे दत्तोबा मुसळे, वहीफणीचं काम करायचे. नवा बीम, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेला रूळ, मागावर चढायच्या आधी त्याचा धागा न् धागा हुकाने ओढून फणीतून ओवायचा, असे दोन-अडीच हजार धागे, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. तेवढं मी जवळून पाहिलं होतं. पण कारखान्यात माग चालतो कसा, बीम संपल्यावर पुढं काय करतात, हे बघायला पोरीबाळींना कोण आत घेणार? आणि हातमाग तर मी चित्रातच पाहिलेला. अण्णा मात्र जमिनीत खड्डा करून बसवलेल्या हातमागाच्या घरात जन्मले. सुताच्या बाबतीत त्यांचा शब्द माझ्या दृष्टीने शेवटचा होता.

आता खरी गोष्ट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई एका सिनेमापायी एवढी का घायकुतीला आली. मी सिनेमाचं विचारतच नव्हते. ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

आमच्या चित्रवेध मंडळात प्रभाकर रोडे म्हणून एक जण होते. बँकेत कारकून. मंडळाचं प्रोजेक्टर तेच चालवायचे, सिनेमाच्या पेट्या एसटी स्टँडवरून तेच आणायचे, खुर्च्याही तेच मांडायचे. बोलायचं काम बाकीचे करायचे. वय तेहतीस, माझं अठ्ठावीस. दोन वर्षं आम्ही मंडळात येता-जाता एकमेकांशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या असतील, फार तर. आणि सिनेमाच्या आधीच्या गुरुवारी वाचनालयाच्या पायरीवर त्यांनी मला सांगितलं की त्यांची जालन्याला बदली झाली आहे, महिन्याभरात जायचं आहे, आणि मी बरोबर आले तर त्यांना फार बरं वाटेल. तुमच्याकडून काही नको, रीतसर अण्णांना येऊन भेटतो, पण आधी तुम्हाला विचारतो, असं म्हणाले. एवढं बोलताना त्यांनी हातातल्या पासबुकाची सुरळी केली होती.

मला आवडला होता तो माणूस. हे आज बिनदिक्कत सांगते, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण जालना! इथून एसटीने एक रात्र आणि अर्धा दिवस. मला भाऊ नाही, बहीण नाही. आई जाऊन सात वर्षं झाली होती. अण्णांना लांबचं ठीक दिसायचं, जवळचं दिसेनासं झालं होतं, आणि त्यांचं सगळं पोट त्या जवळच्यावर. घरात आम्ही दोघंच. मी गेले तर माझ्यामागे त्यांच्याशी बोलायला भिंती. म्हणून मी म्हटलं, येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सांगते.

आणि मधल्या रविवारी हा सिनेमा! मला तर कुणीतरी माझ्या घरात डोकावून काढल्यासारखा वाटला. मी ठरवून टाकलं, त्या पोरीनं शेवटी काय केलं ते एकदा कळलं की माझं उत्तर मला सापडेल. तिनं केलं ते बरोबर असेल तर हो, चूक असेल तर नाही. हसू नका. माणूस अडला की पंचांग बघतो, कौल लावतो. मी शिकलेली, मी सिनेमा बघितला.

आमच्या मंडळाची रीतच तशी होती. सिनेमा एका रविवारी आणि चर्चा पुढच्या. अध्यक्ष कुलथे सर म्हणायचे, गरम घास लगेच तोंडात घातला की जीभ भाजते, चव कळत नाही. त्या वेळी तर सिनेमाची पेटीही आठवडाभर प्रभाकररावांच्या खोलीवरच पडून होती, कारण पुढं ज्या गावाला जायची त्या मंडळाचा कार्यक्रम रद्द झाला होता.

मंगळवारी बाजारात प्रभाकरराव भेटले. मी त्यांना अण्णांचं मत सांगितलं. अर्धवट सोडलेलं सूत घराला लागतं म्हणाले, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. कारकून असले तरी माणूस हिशेबापलीकडचंही ओळखायचा.

"रविवारी चर्चेत मी बोलणार आहे," मी म्हटलं. "ते ऐका. त्यातच माझं उत्तर असेल."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. मला रागच आला. जरा वाद घालावा, दोन शब्द माझ्याविरुद्ध बोलावेत, काहीच नाही. बरं म्हणे!

तो आठवडा आमच्या घरात विचित्रच गेला. बुधवारी अण्णा कामावरून दोन तास उशिरा आले आणि जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, डोळे दुखतात. गुरुवारी मी उठायच्या आत त्यांनी स्वतःचे कपडे धुऊन वाळत घातले होते, पाणी पिळलेलंच नव्हतं, अंगणात तळं. शुक्रवारी शाळेतून आले तर घरभर धूर. अण्णा चुलीपुढं बसून भात करत होते. भात कसला, तळाला कोळसा आणि वर तांदूळ.

"काय चाललंय हे?" मी ओरडलेच. "मी मेले होते काय?"

"बघत होतो, जमतंय का," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, टोमणा आहे. गावात प्रभाकररावांचं आणि माझं कुणीतरी यांच्या कानावर घातलंय आणि हे असे माझ्या नाकासमोर करपलेल्या भाताचं पातेलं धरून मला सुनावताहेत. मी फणफणत पातेलं घासलं. आमच्या मंडळात दोन वर्षं मी पडद्यावरच्या दिव्याचा, पावलांचा आणि उघड्या खिडक्यांचा अर्थ लावत होते, आणि घरात बापानं भात लावला त्याचा अर्थ मला लागला नाही. तेवढी हुशारी काही आली नव्हती.

शनिवारी रात्री मी चर्चेसाठी दोन पानं लिहून काढली. अण्णा पलीकडे पडले होते, जागे होते. मी लिहीत असताना एकदा विचारलं, "काय लिवतीस?"

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हटलं. "जरा नीटनेटकं करून."

ते कुशीवर वळले.

रविवारी चारला मी निघाले तर अण्णा कडक इस्त्रीची टोपी घालून दारात उभे. "मीबी येतो," म्हणाले. मला ते नको होतं. अण्णांची मला लाज नव्हती, देवाशप्पथ नव्हती. पण कुलथे सरांपुढं भल्याभल्यांची बोबडी वळायची. सर मराठीचे प्राध्यापक, आवाज खर्जातला, दर दोन वाक्यांनी एकदा 'प्रतीक' म्हणायचेच. अण्णा तिथं बसून जांभया देतील आणि मला मान खाली घालावी लागेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. म्हणजे लाज होतीच म्हणायची थोडी.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंचवीस एक माणसं. प्रभाकरराव मागं प्रोजेक्टरजवळ नेहमीच्या स्टुलावर. अण्णांनी आत शिरताना त्यांच्याकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सरांनी सुरुवात केली. ते झुपके म्हणजे कापलेली नाळ आहे म्हणाले. मुलगी बापापासून तुटते, पण नाळेचं टोक मागं राहतं, ते वाळतं, आणि वाळणं हेच परंपरेचं प्रतीक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक वकील उठले. त्यांना तो माग तुरुंगासारखा वाटला आणि सुताचे झुपके गजांसारखे, गाठ मारून तिनं तुरुंगाला कुलूप घातलं. एका बाईंना ते झुपके म्हणजे विधवेचे केस वाटले. तिथं कोण विधवा झालं होतं कोण जाणे, पण सरांनी तेही वहीत टिपून घेतलं.

मग मी उठले. माझी दोन पानं सरळ केली. मी म्हटलं, विणकराच्या घरात अर्धवट सोडलेलं सूत अशुभ असतं, हे मला एका जुन्या जाणकाराकडून कळलं आहे. तेव्हा दिग्दर्शक त्या मुलीच्या बाजूचा नाही. तो आपल्याला दाखवतो की ती काम अर्धं टाकून गेली, बापालाही अर्धं टाकून गेली. तिनं कितीही नाजूक गाठी मारल्या तरी टाकणं ते टाकणंच. तिनं जायला नको होतं.

शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं. ते बोलताना मी मागच्या स्टुलाकडे बघितलं. प्रभाकरराव रिकाम्या रिळावरची धूळ बोटाने पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मला एकदम रडू आल्यासारखं झालं, मी खाली बसले.

सरांनी उत्तम म्हटलं. समारोप करायला ते घसा खाकरत होते, तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. अण्णांनी हात वर केला होता. शाळेतल्या मुलासारखा, सरळ, बोट ताठ.

"बोला, बोला," सर म्हणाले. "आपण?"

"मी दत्तोबा मुसळे. वहीफणी करतो. सिनेमा मी पुरता बघितलेला न्हाई. शेवटचं रीळ तेवढं बघितलं, दोनदा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोनदा? कुठं, कधी?

"त्या पोरीनं काम अर्धवट टाकलेलं न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक होता, पण खोलीत कुणी खुर्चीही सरकवत नव्हतं. "ताणा संपत आला की कापड कापून घेत्यात. फणीतलं सूत मात्र काढत न्हाईत. हातभर ठेवायचं, झुपकं करायचं, गाठी मारायच्या, म्हंजे धागा निसटत न्हाई. पुढं नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा ह्या जुन्या धाग्याला पिळून जोडायचा आणि ओढून घ्यायचा. एका दिवसात माग सुरू. आणि हे सूत ठेवलं न्हाई तर सगळं पहिल्यापास्नं ओवावं लागतंय. हजार धागं, एकेक करून. ते काम नजरंचं हाय."

मग म्हणाले, "त्या बापाला जवळचं दिसत न्हाई. सिनेमात तो दाराच्या चौकटीला हात लावून चालतोय, ते बघितलं मी. पोरीला ते ठाऊक होतं. म्हणून जाता जाता बसली आणि आपल्या मागं म्हाताऱ्याचा माग चालंल एवढं करून गेली. गाठ पण बरोबर मारली हो तिनं. सिनेमावाल्यांनी कुणाला तरी इचारून केलेलं दिसतंय."

कुलथे सर पुढं झुकले. "म्हणजे जोडणीचं प्रतीक म्हणायचं आपल्याला."

"प्रतीक मला काय ठाऊक न्हाई, सर. ही रीत हाय. सगळ्या मागावर हाय." आणि मग ते माझ्याकडे वळले. "हातमागाचंबी येगळं नसतंय, वत्सू. सोमवारी मी तुला खोटं सांगितलं."

पंचवीस माणसांसमोर म्हणाले हे. माझे कान तापले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, कारण तो जुना जाणकार कोण हे आता खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं होतं. कुलथे सरांची नाळ तर केव्हाच निकालात निघाली होती. पण माणूस मोठा. त्यांनी आपल्या वहीतलं पान अण्णांपुढं धरलं, पेन दिलं आणि ती गाठ कशी मारतात ते काढून दाखवा म्हणाले. अण्णा कागदावर काढायला लागले, माणसं भोवती जमली, आणि मी तिथून सटकून गच्चीत गेले.

प्रभाकरराव चहाचे दोन कप घेऊन मागोमाग आले. मी त्यांच्यावरच उखडले. दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

"शेवटचं रीळ अण्णांनी कुठं बघितलं?"

"माझ्या खोलीवर. बुधवारी आले होते संध्याकाळी. म्हणाले, त्या पोरीनं नेमकं काय केलंय ते दाखवा."

"का?"

"मीही विचारलं. म्हणाले, सिनेमावाल्यांनी चुकीचं दाखवलं असेल तर माझं खोटं खरं ठरेल. भिंतीवर चादर लावून दाखवलं त्यांना. एकदा बघितलं, मग म्हणाले परत लावा. मग बराच वेळ बसून राहिले."

"म्हणजे तुम्हाला बुधवारीच सगळं कळलं होतं."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी आत्ता आत उभी राहून तुम्हाला तोंडावर नाही म्हटलं, तेसुद्धा तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत?"

त्यांनी कप कठड्यावर ठेवले. "अण्णा म्हणाले, तिला मी सांगतो. त्यांनीच सांगायला हवं होतं ना."

"आणि त्यांनी सांगितलंच नसतं तर?"

"तर तुमचा नकार घेऊन जालन्याला गेलो असतो," प्रभाकरराव म्हणाले. "तुमच्या वडिलांना तुमच्यासमोर खोटं पाडून तुम्हाला घेऊन जायचं, हे मला काही जमलं नसतं."

मी कप उचलला. चहा कोमट झाला होता, साखर फार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलला बांधून सुताची पोती नेत होतं. ते वळणापलीकडे जाईपर्यंत मी बघत राहिले. मला सिनेमातली ती पोर आठवत नव्हती, दिग्दर्शक आठवत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं भिंतीवर लावलेली चादर होती आणि तिच्यासमोर बसलेले ते दोघं, एकाला मी हवी होते, दुसऱ्यालाही मी हवी होते, आणि दोघंही मिळून गाठी बघत होते.

"जालन्यात प्राथमिक शाळा असतील ना?" मी विचारलं.

त्यांना लगेच उमगलं नाही. "असतील की. का?"

"शिक्षिकेची जागा कुठं निघते का ते विचारून ठेवा. मला रिकामं बसायची सवय नाही."

तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आपला रिकामा कप माझ्या हातात दिला, इतका त्यांचा गोंधळ उडाला. मी हसले. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले असेन.

घरी जाताना मात्र मी अण्णांच्या पुढं दहा पावलं चालत होते. आनंद झाला होता म्हणून राग गेला होता असं नाही. खोटं ते खोटंच. आई गेल्यापासूनच्या सात वर्षांत त्यांनी मला एकदाही फसवलं नव्हतं, आणि फसवलं ते नेमकं ह्यात. पिठाच्या गिरणीपाशी मी थांबले आणि त्यांना गाठू दिलं.

"का खोटं बोललात?"

"तू सिनेमाचं इचारत नव्हतीस," अण्णा म्हणाले. "वाचनालयाच्या पायरीवरचं माझ्या कानावर आलं होतं."

"मग खरं काय ते विचारायचं होतं मला."

"भ्यालो." ते टोपी नीट करत म्हणाले. "जेवणाचं काय, तुझी आत्या गल्लीतच हाय, घालंल चार घास. कामाचंबी बघता येईल. पण सांजच्याला तू शाळंतनं येतीस आणि दारातनंच बडबडाय लागतीस, पोरांचं, मास्तरांचं, काय न् काय. ते बंद होणार. त्याला भ्यालो."

मी त्यांचा हात धरला. रस्त्यात, लोकांसमोर, अठ्ठावीस वर्षांची घोडी. त्यांनी धरू दिला. गिरणीवाल्यानं बघितलं, बघू दे म्हटलं.

थोडं चालल्यावर अण्णा म्हणाले, "भला माणूस हाय तो रोडे. दोनदा रीळ लावलं, एकदासुदीक बोलला न्हाई की हे तुमच्या पोरीला सांगा म्हणून."

"माहीत आहे."

"जाणार का?"

"जाणार."

"हां," अण्णा म्हणाले. आणखी काही पावलं गेलो. मग त्यांनी विचारलं, "त्या सिनेमातल्या पोरीचं पुढं काय झालं?"

"सिनेमा तिथंच संपतो, अण्णा. झुपके दिसतात आणि संपतो."

"असा कसा संपतोय? गाडी निघाली, पोरगी गेली, आणि बापाला काय कळाय नको? पोचली का, बरी हाय का, घर कसलं हाय..."

"कळतं की. दर आठवड्याला पत्र येतं तिचं."

अण्णा थांबले. चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "लिवाय येत होतं तिला?"

"मास्तरीण होती ती, अण्णा."

त्यांनी मान खाली घातली. मग माझा हात सोडून नाक पुसलं.

"मग मोठं लिवाय सांग तिला," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बारीक अक्षर दिसत न्हाई."